किसन फिटरची शिसपेन्सिल

कानावर शिसपेन्सिल ठेवणारी माणसं मी आमच्या मुलखात तीन प्रकारची पाहिली. एक सुतार, दुसरे कापसाच्या दुकानातले दिवाणजी आणि तिसरा अमडापूरचा किसन फिटर. पहिल्या दोघांना लिहिता येत असे. किसन फिटरला सहीसुद्धा येत नव्हती. कुठे अंगठा उठवायची वेळ आली की कानावरची पेन्सिल पडू नये म्हणून तो ती दुसऱ्या हाताने धरून ठेवी.

मी अमडापूरच्या शाळेत मास्तर होतो. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि कारभाराला नागपूरचं होतं. शाळेचे हुकूम नागपूरहून निघत आणि बुलढाण्यावरून फिरत फिरत आमच्यापर्यंत येईतो निम्मे रद्द झालेले असत. मी मूळचा मेहकरचा, वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि पेटी वाजवायची भारी खाज. गावाला मास्तर मिळाला यापेक्षा भजनाला पेटीवाला मिळाला याचाच आनंद जास्त झाला होता.

किसन फिटरची आणि माझी गाठ एका कुलपाने घालून दिली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार आणि दप्तराच्या कपाटाचं कुलूप उघडेना. कोणीतरी फिटरला बोलावून आणलं. काळा, शिडशिडीत, पन्नाशी ओलांडलेला माणूस. ना राम राम, ना नमस्कार. आल्या आल्या म्हणाला,

"काय रुसलं?"

पुढे कळलं की 'मोडलं', 'बिघडलं' हे शब्द त्याच्या तोंडी नव्हतेच. त्याच्या लेखी वस्तू रुसत. मी कुलूप दाखवलं.

"तेल घातलं?"

मी मोठ्या अभिमानाने होकाराची मान हलवली. रात्री वाटीभर खोबरेल ओतलं होतं.

त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी कुलपाला विषच पाजलं असावं. "मास्तर, तेल म्हंजे धुळीले आवतन. आज मऊ लागते, उद्या धूळ येऊन जेवाले बसते." मग त्याने कानावरची पेन्सिल काढली, सांबरशिंगाच्या मुठीच्या चाकूने तिचं शिसं खरवडलं, ती काळी पूड चिमटीने कुलपाच्या तोंडात टाकून फुंकर मारली आणि किल्ली फिरवली. कुलूप उघडलं. ती पेन्सिल लिहायला नाही, कशाला असते ते मला तेव्हा समजलं. जाताना एवढंच म्हणाला, "पोरं शिसपेन्सिलीचे तुकडे फेकतात, ते ठेवत जा माह्यासाठी." तेव्हापासून शाळेत तुकड्यांचा एक डबा झाला, आणि तो भरला की फिटर शाळेच्या दारात हजर.

त्याची उमर खामगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गेली होती. दिवाळी ते होळी सरकीच्या धुरळ्यात, बाकीचे दिवस अमडापुरात आपल्या मळ्यातल्या वांगी-मिरचीत. जिनाने त्याचे कान खाल्ले होते. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं, उजव्याचा तर कारभारच बंद. पण यंत्राचं दुखणं त्याच्याइतकं कोणाला कळत नसे. पेन्सिलीचं एक टोक दातात धरायचा, दुसरं यंत्राला टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. जे कानाने येत नसे ते दाताने येई. त्याची बायको गोदाबाई म्हणायची, "यायले माणसाचं ऐकू येत नाई, लोखंडाचं येते. म्या लोखंडाची असती तर सुखात राह्यली असती."

एकदा बाजारातल्या पिठाच्या गिरणीपुढून जाताना त्याचे पाय थबकले. जमिनीतून काहीतरी लागलं म्हणे. आत जाऊन त्याने पेन्सिल इंजिनाला लावली आणि गिरणीवाल्याला सांगितलं, "तिसऱ्या दिशी बसते." गिरणीवाला हसला. तिसरा दिवस बाजाराचा. गव्हाच्या, ज्वारीच्या टोपल्या घेऊन बायांची रांग लागलेली आणि इंजिन खरंच बसलं. गिरणीवाला धावत त्याच्या मळ्यात आला. फिटर वांग्यांना पाणी देत होता. त्याने सगळे वाफे भिजवले, हातपाय धुतले, चहा बशीत ओतून सावकाश प्याला आणि मग उठला. "वांगे सांगत नाईत रुसलो म्हून," तो म्हणाला, "त्यायचं आधी."

असा माणूस मारुतीच्या देवळात भजनाला कधी येत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मले बहिऱ्याले कायचं भजन, मास्तर? तुमची तोंडं हालताना पाहाले येऊ काय?" मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पण त्याचा एकुलता एक दोस्त देवळातला होता. रंभाजीबुवा, आमच्या गावचा विणेकरी. दोघं एकाच आळीत वाढलेले, साठीकडे झुकले तरी एकमेकांना 'बे' म्हणणारे, रोज संध्याकाळी मळ्याच्या बांधावर बसून भांडणारे. बुवा ओरडून भांडायचा आणि फिटर ऐकू न येता. तरी भांडण बरोबर चालायचं.

आमचा सप्ताह चैत्रात, हनुमान जयंतीला काला. पहिल्या दिवशी वीणा उभी राहिली की सात दिवस तिने जमिनीला टेकायचं नाही आणि मुकं व्हायचं नाही. दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती वाजती वाजतीच जायची. वीणा रंभाजीबुवाच्या बापाची. पहिला पहारा त्याचा, दुपारचा त्याचा आणि काल्याच्या कीर्तनातही तोच उभा.

आणि ही वीणा सुरात राहत नव्हती. मी पेटीवर बसायचो, म्हणून माझ्याइतका छळ कोणाचा झाला नसेल. लावली की तासभर नीट, मग बारीकसं 'टक्' होऊन एखादी तार उतरायची. बुवा पिळायचा तर काहीच होत नसे, आणखी पिळली की एकदम भलतीच चढायची. गावाने उपाय केले. खुंट्या बदलल्या, खुंट्यांना खडू चोळला, खामगावहून नव्या तारा आणल्या. उपाय संपल्यावर गावाने बुवाकडे पाहायला सुरुवात केली. बुवाचा हात जड झाला असेल. बुवाकडून काही पाप घडलं असेल. बुवाने ते मनाला लावून घेतलं. तंबाखू सोडली, कांदा सोडला, सुनेशी भांडणं सोडलं. हा शेवटचा त्याग मोठा होता, पण वीणेला त्याचं काही वाटलं नाही. वीणा उतरली की तो बिचारा कासावीस होऊन तिच्या कपाळी गंध लावायचा आणि मनातल्या मनात माफी मागायचा.

मागल्या वर्षी काल्याचे कीर्तनकार अभंग मध्येच थांबवून हसत म्हणाले होते, "मंडळी, एक तर वीणा बदला, नाहीतर विणेकरी बदला." महाराज पंगतीला बसेपर्यंत ते विसरले. बुवा विसरला नाही, पंचही विसरले नाहीत. या वर्षी पाटलांच्या भाच्याने नवी कोरी वीणा आणून सभामंडपाच्या खुंटीला कापडात गुंडाळून टांगून ठेवली होती. ठरलं असं, की काल्याला यंदाही वीणा उतरली तर पुढल्या वर्षीपासून नवी वीणा, नवा विणेकरी.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहाऱ्यात वीणा तीनदा उतरली. पहारा बदलून बुवा सरळ देवळाबाहेर चालू लागला. त्याची चाल मला बरी दिसली नाही, म्हणून मी मागे गेलो. तो फिटरच्या मळ्यात शिरला.

"काऊन बे रंभ्या, तोंड काऊन पाडलं?" फिटरने विचारलं.

बुवा त्याच्या डाव्या कानाशी ओरडला, "वीणा उतरून राह्यली!" आजूबाजूच्या चार मळ्यांना कळलं.

"मंग मले काऊन सांगतं? बहिऱ्याजवळ सुराचं गाऱ्हाणं?"

बुवा बांधावर बसला आणि रडायला लागला. साठीचा माणूस, धोतराचा सोगा डोळ्यांना लावून. म्हणाला, "बापाची वीणा हाये माह्या, किसन्या. माह्या हातून चालली." हे तो ओरडून नाही, हळू बोलला. फिटरला ऐकू गेलं नसणार. पण त्याने ओठांकडे पाहिलं, हातातलं खुरपं टाकलं, पाय धुतले आणि म्हणाला, "चाल बे."

किसन फिटर देवळात आलेला पाहून टाळकरी टाळ वाजवायचे विसरले. तो थेट वीणेपुढे उभा राहिला, कानावरची पेन्सिल काढली, एक टोक दातात धरलं.

पाटील ओरडले, "ए फिटर, वीणा उष्टी करतं काय?"

फिटरला ऐकू आलं नाही, म्हणून तो थांबलाही नाही. उत्तर मलाच द्यावं लागलं. "उष्टं टोक त्याच्या तोंडात आहे, पाटील. वीणेला दुसरं लागतं." पाटलांनी यावर क्षणभर विचार केला. तेवढ्यात पेन्सिल भोपळ्यावर टेकली होती.

भोपळा, तारांखालची घोडी, दांडी असं करत तो वर वर गेला. दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या जरा अलीकडे, एक आडवी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तिथे पेन्सिल टेकवून त्याने पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याला खूण केली, खुंटी पिळ. विणेकऱ्याने पिळली. आणखी पिळ. आणखी. 'टक्' झालं आणि फिटरचे डोळे खाडकन उघडले. आनंदाने तो माणूस नाचायचाच बाकी राहिला होता.

"खुंटी फिरते, तार सरकत नाई," तो गर्दीला सांगू लागला. बहिऱ्या माणसाचा आवाज, देवळाबाहेरही ऐकू गेला असेल. "तार हितं अडून बसते, मंग मनात आलं का उडी मारते. आवाज कुठून येते ते सारे पाहतात. कुठं अडते ते कोणी पाहत नाई."

त्याने नखाने पट्टी खरवडली. काळं, लाल, पिवळं असे पापुद्रे निघाले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर्शनाला येणारा जो तो वीणेला गंध लावायचा, बुक्का लावायचा, आणि कुठे लावायचा तर टोकाशी, कारण ते वीणेचं कपाळ. त्यावर दर सप्ताहाला तेलाचा हात. दोन पिढ्यांचा भाव त्या चार खाचांत घट्ट बसला होता. आणि सगळ्यांत जास्त कोणाचा, हे मला आणि फिटरला एकदमच कळलं. वीणा उतरली की गंध लावून माफी मागणारा बुवा आमच्याकडे आशेने पाहत उभा होता. मी तोंड उघडणार होतो. फिटरने माझा पाय स्वतःच्या पायाने दाबला. मला तो माणूस आवडायचाच, त्या दिवसापासून फारच आवडू लागला.

खाचा तारांनी खाल्ल्या होत्या, नुसतं साफ करून भागणार नव्हतं. "पट्टी बदला लागते," त्याने निकाल दिला.

"काला झाल्याशिवाय वीणा खाली ठेवता येत नाई," पाटील म्हणाले. भाच्याचा हात टांगलेल्या वीणेकडे गेलाच होता.

"खाली कोण ठेवते? रंभ्याच्या गयातच बदलतो. आन् काल्यापोतर उतरली," फिटरने पेन्सिल वर धरली, "तर हे कानावरून काढतो. मंग गावातल्या कोण्या कुलपाले हात लावणार नाई."

गावात कुलपं पुष्कळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो तर तो आपल्या चाकूची मूठ करवतीने कापत बसला होता. जिनात पाऊल टाकलं तेव्हा घेतलेला चाकू. गोदाबाई म्हणाली, "माह्या आधी आला हा चाकू घरात. मले हात लावू देत नव्हते." शिंगाचा तुकडा घासून त्याने पट्टी केली, बारीक खाचा पाडल्या, प्रत्येक खाचेतून तार ओढून पाहिली आणि शेवटी खाचांत पेन्सिलीचं शिसं चोळलं. पाटलांनी हाडाची शंका काढलीच. फिटर म्हणाला, "सांबर दरसाल आपलं शिंग आपून टाकते. कोणाचा जीव घेतला नाई."

दुपारी रंभाजीबुवाचा पहारा. देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्या बाया एरवी भाकरी थापत असत त्यासुद्धा आलेल्या. फिटरने मला जवळ बोलावलं. त्याची युक्ती अशी होती की बांबूची एक उंच कामटी तारांखाली घालायची, पट्टीपासून दोन बोटं अलीकडे. तारा कामटीवर चढतील, जुन्या पट्टीवरून उठतील आणि वाजत राहतील. फक्त सूर चढेल. तो पेटीच्या कोणत्या तरी पट्टीशी नेमका जुळवून द्यायचं काम माझं.

"सूर जुळला का डोकं हालवा," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "नका हालवू. तुमचं डोकं भजनात येरवीही हालते. डोये मिटा."

भजन सुरू झालं, पेटीच्या काळी एकमध्ये. बुवा उभा, वीणा गळ्यात, बोट चालू. फिटरने कामटी सरकवली. वीणा किंचाळली. मी पेटी शेजारच्या पांढरी दोनवर नेली. कामटी केसभर खाली, केसभर वर, त्याची नजर माझ्या चेहऱ्याला चिकटलेली. सूर आला, तंतोतंत आला, आणि मी डोळे मिटले. सगळं भजन एका झटक्यात एक पट्टी चढलं. टाळकऱ्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, पण एकाने आवाज टाकला नाही. बायांनी तर तो सूर असा उचलून धरला की माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.

इकडे फिटरने तापलेल्या सुरीने लाख सोडवून जुनी पट्टी आडवी ओढली. निघाली. शिंगाची पट्टी शिरली. लाख लागली. चारी तारा नखाने एकेक आपल्या खाचेवर आणल्या. बुवाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हनुवटीवरून वीणेवर ठिबकत होता, पण बोट थांबलं नाही. मग फिटरने कामटी काढून घेतली. तारा खाचांत बसल्या, सूर परत काळी एकवर उतरला, मी पेटी परत आणली. फिटरने बुवाला खुंटी पिळायला लावली. केसभर पिळली तर तार केसभर चढली. फिटर माझ्याकडे पाहत होता. मी डोळे मिटले.

देवळात काय गलका झाला म्हणता. त्या गलक्यात फिटर बुवाच्या कानाशी लागला आणि त्याच्या मते हळू, म्हणजे मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाला, "तिचं कपाळ दुखते बे. गंध तिच्या पायाले लावत जा." बुवाला सगळं कळलं होतं. त्याने मान हलवली आणि बोट चालू ठेवलं.

पुढचे तीन दिवस मी शाळेत कमी आणि देवळात जास्त होतो. काल्याला तेच महाराज आले. उभे राहिले आणि सवयीने त्यांचा हात वीणेच्या खुंटीकडे गेला. त्यांनी कान दिला, हात मागे घेतला आणि सरळ अभंग सुरू केला. रंभाजीबुवाचे डोळे वाहत होते. भाच्याने टांगलेली वीणा गुपचूप उतरवून घरी नेली. मी बाहेर पायरीवर बसलेल्या फिटरच्या कानाशी ओरडलो, "नाही उतरली!" तो म्हणाला, "मले काऊन सांगता? मले मालूम हाये." आणि पेन्सिल कानावर नीट खोचली.

त्यानंतर माझी बदली मलकापूरकडे झाली. पुष्कळ वर्षांनी एका चैत्रात मी पुन्हा अमडापूरला सप्ताहाला गेलो. रंभाजीबुवा राहिला नव्हता. वीणा मात्र तीच होती, आणि ती गळ्यात घेऊन उभा होता पाटलांचा भाचा, आता केस पिकलेला. दर्शनाला येणारे गंध भोपळ्याला लावत होते. का, ते कोणाला सांगता आलं नाही. गावची रीत आहे म्हणाले. मला पेटीवर बसवण्यात आलं.

दुपारी गोदाबाई फिटरच्या हाताला धरून त्याला घेऊन आली. कमरेत वाकलेला, दोन्ही कानांनी पार गेलेला. ती म्हणाली रोज येतो, याच वेळेला, बुवाच्या पहाऱ्याला. त्याने पेन्सिल काढली, धोतराला पुसली, एक टोक उरलेल्या दातांत धरलं. भाचा वाजवता वाजवता खाली झुकला, म्हाताऱ्याचा हात पोचावा म्हणून. पेन्सिलीचं दुसरं टोक शिंगाच्या पट्टीवर टेकलं. बराच वेळ तो तसाच उभा होता, तारेबरोबर दाढी थरथरत होती. मग त्याने डोळे उघडले आणि पेटीवर बसलेला मी त्याला दिसलो. ओळखलं की नाही सांगता येत नाही. भुवई वर करून तो माझ्याकडे पाहत राहिला, विचारत राहिला.

मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पेन्सिल त्याच्या कानावर होती आणि गोदाबाई त्याला धरून पायऱ्या उतरत होती.